सात फूट पश्चिमेला

अल्बर्टात तेलाच्या खाणीवर एकोणीस वर्षं माझं काम एकच होतं. सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि ज्याच्याकडे परवानगीचा कागद नाही त्याचं काम बंद पाडायचं. वेल्डर असो की क्रेनवाला, मी म्हणायचो, "कागद दाखव." कागद नसला की त्याला परत पाठवायचो. तो शिव्या देत निघून गेला की मला आतून बरं वाटायचं. तोच मी, गार्लंड फेल्टम, वय छप्पन्न, न्यूफाउंडलंडला आपल्या गावी परतलो आणि आजोबांच्या बटाट्याच्या मळ्यात, हातात एक चिठ्ठीसुद्धा नसताना, घर बांधून बसलो.

अक्कल गहाण ठेवली होती असं कुणी म्हणेल. पण आमच्या पिंचर्स कोव्हमध्ये घर असंच बांधतात. आधी घर, मग चहा, आणि मग कुणाला आठवलंच तर कागद. माझ्या आजोबांनी जागा घेतली म्हणजे काय केलं, तर दगड उचलून बाजूला टाकले, कुंपण घातलं आणि बटाटे लावले. ती जागा फेल्टमांची हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. फक्त सरकारला कळवायचं राहून गेलं होतं.

माझ्या बायकोचं, वर्नाचं मत मात्र वेगळं होतं. मी मे महिन्यात अल्बर्टाहून निघालो तेव्हा ती विमानतळावर म्हणाली, "एकोणीस वर्षं लोकांच्या तळघरात भाड्याने काढली. तीनदा घरमालकाने बिऱ्हाड उचलायला लावलं. आता जिथून कुणीही येऊन उठवेल अशा घरात मी पाऊल ठेवायची नाही. घर बांध, जागेचा कागद हातात घे आणि मला फोन कर. मी निघते."

"आणि कागदाला उशीर झाला तर?"

"तर मलाही उशीर होईल."

तिच्या भाड्याच्या जागेचा करार ऑक्टोबरअखेर संपत होता. जागा सोडतेय असं तीस सप्टेंबरच्या आत कळवलं नाही, तर आणखी एक वर्ष तिथेच. म्हणजे माझ्याकडे पाच महिने होते. पाच महिने मला भरपूर वाटले, यावरूनच मी किती हुशार आहे ते कळावं.

मी आत राहता येईल अशी एक जुनी चाकांची गाडी आणून मळ्याच्या कडेला लावली, तिच्यात झोपायची सोय केली आणि कामाला लागलो. मदतीला क्लेटन होता. तो मच्छीमार आहे, पण आमच्याकडच्या मच्छीमाराला सुतारकाम आईच्या पोटातूनच येतं. माझ्याकडे लाल किरण टाकून इंचाइंचाचं माप देणारं यंत्र होतं. ते मी पहिल्याच दिवशी बाहेर काढलं. कुंपण केव्हाच कुजून मातीला मिळालं होतं, पण गवतात चाचपताना मला पूर्वेच्या बाजूला एका जुन्या खांबाचा खुंट सापडला. मी आनंदाने ओरडलोच. आजोबांच्या कुंपणाचा कोपरा. तिथे यंत्र ठेवलं, त्या खुंटाला धरून पूर्वेची भिंत आखली आणि क्लेटनला म्हणालो, "बघ, असं मोजतात."

क्लेटनने खुंटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सिगारेट पेटवली. तो कमी बोलतो.

चढावर, आमच्या बरोबर मागे, सेलिना मावशीचं घर आहे. ती माझी सख्खी मावशी नव्हे. ती साऱ्या गावाची मावशी, वय चौऱ्याऐंशी, आणि क्लेटनची खरीखुरी आत्या. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती माझं काम रोज बघायची. मी हात हलवायचो, तीही हलवायची. मला वाटायचं, म्हातारीला माझं कौतुक आहे.

आमच्याकडे पाया खणत नाहीत, कारण खाली खडक आहे. खडकावर लाकडी खांब उभे करायचे आणि त्यांवर घर ठेवायचं. तेवढं सोपं निघालं. त्यानंतर सरकारी तपासणीची माणसं यायला लागली. संडासाची टाकी तपासणारा आला आणि म्हणाला, चार फूट माती लागते. आम्ही खणलं तर अकरा इंचांवर पहार वाजली. नऊ ट्रक माती विकत आणून टाकली, आणि त्या ढिगाला गावाने 'गार्लंडचा डोंगर' असं नाव दिलं. दुसरा आला तो समोरच्या दाराखाली उभा राहिला. दार जमिनीपासून चार फूट उंच, आणि पायऱ्या नाहीत.

"इथून बाहेर कसं पडायचं?" त्याने विचारलं.

"पडायचं नाही. समोरच्या दाराने इथे कुणी ये-जा करत नाही. सगळे मागच्या दाराने येतात."

"मग दार कशाला?"

गावातल्या प्रत्येक घराला असं दार आहे म्हणून मीही ठेवलं होतं. शेवटी मी बाहेरून आडवी फळी ठोकून ते बंद केलं. म्हणजे तीन दिवस खपून बसवलेलं दार मी पाच मिनिटांत भिंत करून टाकलं.

हे सगळं मी वर्नाला सांगत नव्हतो. मी तिला फोटो पाठवायचो. फोटो काढताना डोंगर कापायचा, फळी कापायची. आकाश आणि खिडकी ठेवायची.

"कागदाचं काय झालं?" ती विचारायची.

"होतंय. जवळजवळ झालंच."

ऑगस्टच्या शेवटी छप्पर, खिडक्या, शेगडी सगळं जागच्या जागी बसलं. घराला मी पिवळा रंग दिला होता. मी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि राहायची परवानगी आणायला ग्रामपंचायतीच्या कचेरीत गेलो. कचेरी मंगळवारी आणि गुरुवारी उघडते. तिथे डोरीन बसते, ती शाळेत माझ्या वर्गात होती.

"अर्ज छान भरलायस," ती म्हणाली. "जागेचा कागद दे."

"डोरीन, माझ्या आजोबांच्या मळ्यातली गाजरं तू चोरून खायचीस. जागा कुणाची तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. या खोक्याला माहीत नाही." तिने कॉम्प्युटरवर पेन आपटलं. "ती जागा सरकारी आहे, गार्लंड. गावातली अर्धी जागा सरकारीच आहे."

"मग मी काय करू?"

"तू एकोणीस वर्षं लोकांचे कागद तपासत होतास ना?"

"हो."

"तेव्हा तू त्यांना काय सांगायचास?"

मी अर्जाची घडी घालायला लागलो. तिला दया आली असावी. तिने समजावून सांगितलं. १९७७ च्या आधीची सलग वीस वर्षं ती जागा आमच्या घराण्याच्या वहिवाटीत होती, हे दोन जाणत्या माणसांनी शपथेवर सांगायचं. कुंपण कुठून कुठपर्यंत होतं तेही सांगायचं. मग मोजणीदाराचा नकाशा त्याच्याशी जुळला पाहिजे. ती शपथपत्रं आणि नकाशा जोडून अर्ज सरकारकडे गेला, की पंचायत राहायची परवानगी देईल. जागेचा पक्का कागद मागून सावकाश येईल.

"१९५७ सालचं कुंपण आठवणारं माणूस जिवंत कोण आहे?" मी विचारलं.

डोरीनने दोन बोटं वर केली.

पहिले हेडलीकाका. ते दोन तासांवरच्या वृद्धाश्रमात असतात. मी त्यांना विचारलं, "काका, आमच्या आजोबांचं कुंपण कुठपर्यंत होतं?"

"तुझ्या आजोबांनी घातलं होतं तिथपर्यंत," काका म्हणाले, आणि त्याच्या पलीकडे एक शब्द बोलायला तयार झाले नाहीत. तेवढं लिहून त्यांनी सही केली.

"हे धरतील," डोरीन म्हणाली. "पण मग दुसरं पक्कं पाहिजे."

दुसरी सेलिना मावशी. मी खूश झालो. घरचंच माणूस. तिच्या स्वयंपाकघरात बसलो, तिने चहा ओतला आणि काकवी लावलेला पाव पुढे ठेवला. मी नेहमीप्रमाणे खिडकीकडे पाठ करून शेगडीजवळ बसलो, कारण तिथे ऊब असते.

"विचार," मावशी म्हणाली.

"पूर्वेचा कोपरा. तिथे तो खुंट आहे ना, तिथपर्यंत आपलं कुंपण. बरोबर?"

"कुठला खुंट?"

"माझ्या भिंतीपाशी आहे तो."

मावशीने कप खाली ठेवला. "तो माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब रे, गार्ल्या."

हातातला पाव मी परत बशीत ठेवला. "मग कुंपण?"

"त्याच्या पश्चिमेला सात फूट. मध्ये गल्ली होती. पाण्याकडे जायची."

म्हणजे माझं घर सात फूट गल्लीत उभं होतं. साऱ्या गावासमोर लाल किरण टाकत मी एका म्हाताऱ्या बाईच्या वाळणाच्या दोरीपासून घर मोजलं होतं.

"मावशी, मी बांधत होतो तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुझ्याकडे ते दिवा मारणारं यंत्र होतं. मला वाटलं, त्याला माहीत असेल."

मी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज गोड केला. हे आठवलं की आजही माझे कान गरम होतात. "मावशी, आता सात फुटांनी कुणाचं काय जातंय? गल्लीने तर कुणी जातही नाही. तू फक्त एवढंच म्हण, की कुंपण खुंटापर्यंत होतं."

"बायबलवर हात ठेवून?"

"म्हणजे, ठेवावा लागेल."

मावशीने पावाची बशी माझ्यासमोरून उचलली आणि फडताळात ठेवली. "मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आता खोटं बोलले तर ते निस्तरायला मला वेळ मिळायचा नाही."

"मग मी काय करू? घर पाडू?"

"पाडतोस कशाला? ओढ."

"ओढू?"

"हे घर कुठून आलं असं तुला वाटतं?" तिने टेबलावर थाप मारली. "समोरच्या बेटावरून. मी नऊ वर्षांची होते. पिंपांवर तरंगत आणलं आणि चढावर दोरांनी ओढलं. आईने कपाटातल्या बश्यासुद्धा काढल्या नव्हत्या. दोन फुटल्या. त्या दोन बश्यांवरून बाबांनी मरेपर्यंत बोलणी खाल्ली. तुला तर सात फूटच न्यायचंय."

मी घरी, म्हणजे चाकांच्या गाडीत, येऊन बसलो. वीस सप्टेंबर उजाडला होता. वर्नाला सांगायला हवं होतं. मी दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला. तिसऱ्यांदा तिनेच केला.

"वर्ना, ऐक. मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. घर थोडं चुकलंय."

"किती?"

"सात फूट."

"सहा फूट दहा इंच," वर्ना म्हणाली. "मावशी पावलांनी मोजून आली होती."

मग कळलं ते असं. मे महिन्यापासून दर रविवारी सेलिना मावशी वर्नाला फोन करत होती. खुंटाचं, डोंगराचं, फळी ठोकलेल्या दाराचं, सगळं तिच्यापर्यंत पोचत होतं. मी इकडे फोटो कापत होतो आणि तिकडे मावशी अख्खं चित्र पाठवत होती.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू कधी सांगतोस ते बघत होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर परवडला असता. "मला कागद कशाला हवाय माहीत आहे तुला? तीन घरमालक झाले, तिघांनीही आधी 'काळजी करू नका' असंच सांगितलं होतं. तूही तेच सांगतोस. होतंय, जवळजवळ झालंच."

फोन ठेवल्यावर मला खरोखर भीती वाटली. ती येणार नाही, आणि तिचं बरोबर असेल.

शनिवारी ओढायचं ठरलं. क्लेटनने कुणाला काय सांगितलं कोण जाणे, पण सकाळी माझ्या दारात पन्नासेक माणसं उभी होती. शेजारच्या गावांतूनही आली होती. जॅक लावून घर उचललं, खांबांखाली सोललेले लांब ओंडके सरकवले, ओंडक्यांना साबण चोपडला. शेगडीचं धुराडं काढलं, संडासाची नळी सोडवली. मी सवयीने पिवळं जाकीट घातलं, हातात यादी घेतली आणि कुणी कुठे उभं राहायचं ते सांगायला लागलो.

क्लेटन माझ्याजवळ आला. "गार्लंड, दोर तरी धर, नाहीतर घरात जाऊन बस. तेवढंच वजन."

मी दोर धरला. सेलिना मावशी आपल्या दारात खुर्ची टाकून बसली होती. तिनेच आरोळी दिली. एवढ्याशा बाईचा आवाज खाडीच्या पलीकडे जाऊन परत आला. पन्नास माणसांनी एकदम पाय रोवले आणि ओढलं. काहीच झालं नाही. दुसरी आरोळी. घर कण्हलं. तिसऱ्या आरोळीला माझं पिवळं घर, चोवीस फूट बाय सव्वीस, हललं. आतून काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला आणि सगळे हसले. मी इतका जोरात ओढत होतो की तोंडघशी पडलो आणि माझ्याच डोंगराच्या चिखलात रुतलो. मला उचलायला कुणी थांबलं नाही. वीस मिनिटांत घर सात फूट पश्चिमेला जाऊन बसलं. आतल्या दोन भिंतींना तडे गेले, न्हाणीघराचा आरसा फुटला आणि फळी ठोकलेलं ते समोरचं दार आपोआप उघडलं.

मंगळवारी, सव्वीस तारखेला, मोजणीदाराचा नवा नकाशा आला. गुरुवारी डोरीन कागद आणि बायबल घेऊन मावशीच्या स्वयंपाकघरात आली. शपथा घ्यायचा अधिकारही तिच्याकडेच आहे. मावशीने केस विंचरले होते आणि गळ्यात मोती घातले होते. मी शेगडीजवळ, माझ्या नेहमीच्या जागी. डोरीन एकेक रकाना वाचत होती आणि मावशी उत्तर देत होती. कोण पेरायचं, काय पेरायचं, उत्तरेला काय, दक्षिणेला काय.

"पूर्वेला?"

"कुंपण. त्याच्यापुढे सात फूट गल्ली. मग माझा दोरीचा खांब."

"हे तुम्हाला कसं माहीत आहे?" डोरीनने वाचलं.

"या खिडकीतून दिसायचं."

"मावशी, थोडं सविस्तर लागेल. नाहीतर ते परत पाठवतात."

मावशीने जरा विचार केला. "लिही. त्या गल्लीतून पाणी दिसायचं. माझा नवरा एफ्रम चारच्या सुमारास होडी घेऊन यायचा. होडी गल्लीत दिसली की मी किटली ठेवायची. तो धक्क्यावरून चढ चढून येईतो चहा तयार. छप्पन्न साली लग्न झालं तेव्हापासून तो गेला तोवर. त्याला आता अकरा वर्षं झाली. तरी चारला मी खिडकीशी बसते आणि किटली ठेवते. या जूनपासून तिथे भिंत होती. पिवळी."

डोरीनचं पेन थांबलं. "शेवटचं पण लिहू?"

"खरं आहे ना? मग लिही."

मी उठलो. पाच महिने मी त्या खोलीत चहा प्यायला जात होतो आणि एकदाही त्या खिडकीतून बाहेर पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. माझ्या घराची कड, मग सात फूट रुंद समुद्राची पट्टी, मग क्लेटनचं जाळी ठेवायचं खोपटं. जूनमध्ये मी हात हलवायचो आणि ती हात हलवायची, तेव्हा मी तिच्या डोळ्यांसमोर फळी फळी करून ती पट्टी बुजवत होतो. मला लाज वाटली. चांगलीच वाटली, आणि ती लपवायला मला कुठे जागा सापडेना.

"मावशी, एवढं होतं तर मला म्हणायचंस तरी."

"तुला घर हवं होतं. वर्नाला यायचं होतं. मी मागणार नव्हते," मावशी म्हणाली. "पण बायबलवर हात ठेवायला लावून तूच विचारलंस. मग मी काय करणार?"

तिने सही केली. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं गोल होतं.

डोरीनने राहायची परवानगी तिथेच लिहून दिली. मी बाहेर दारात उभं राहून वर्नाला फोन लावला. "जागेचा पक्का कागद आलेला नाही," मी म्हणालो. "वर्ष लागेल, दोनही लागतील. जवळजवळ वगैरे काही नाही. आतल्या दोन भिंतींना तडे आहेत. आरसा फुटला. दार आहे पण पायऱ्या नाहीत."

"मग तुझ्याकडे आहे काय?"

"मावशीचं शपथपत्र."

"वाच."

मी वाचलं. कुंपणापासून पिवळ्या भिंतीपर्यंत सगळं वाचलं.

"परत वाच," वर्ना म्हणाली.

मी परत वाचलं.

"आपल्याला तिथून कोण उठवायला येतो ते बघू," ती म्हणाली. "मावशी वर बसलेली असताना. उद्या मालकाला कळवते."

वर्ना ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आली. सरकारी कागदाची आम्ही अजून वाट बघतोय. मी समोरच्या दाराला पायऱ्या केल्या आहेत आणि त्यांच्यावरून कुणीही येत नाही. गल्लीत मी काही ठेवत नाही. मागच्या महिन्यात एकदाच, सरपणाची गाडी आली म्हणून ती तिथे लावली होती. चार वाजले होते. वर खिडकीची काच वाजली. बघतो तर मावशी आणि वर्ना शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि दोघीही मला हाताने बाजूला हो, बाजूला हो, असं करत होत्या.